जुन्या गोव्याला जाताय? आधी एवढं करून ठेवा

पहिलं काम म्हणजे वार बघणं. जुन्या गोव्यातलं पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय शुक्रवारी बंद असतं, आणि रविवारची सकाळ चर्चमध्ये मिस्सेची, म्हणजे सामूहिक उपासनेची असते. हे दोन वार सोडून एक अख्खा दिवस मोकळा ठेवा. अख्खा दिवस म्हणतेय त्याला कारण आहे. पहिल्यांदा मी एका सहलीच्या बसमधून गेले होते तेव्हा आम्हाला जेमतेम पाऊण तास मिळाला. बॉम जिझस चर्चच्या दारात रांग, आत गर्दीचा रेटा, उंचावरच्या चांदीच्या पेटीकडे कुणीतरी दाखवलेलं बोट, की बाहेरून बसचा हॉर्न. संग्रहालय राहिलंच. पुढच्या वेळी आई-बाबांना घेऊन गेले ती नीट तयारी करून, आणि तो दिवस आम्ही तिघंही अजून आठवतो.

३ डिसेंबर जवळ आहे का तेही कॅलेंडरवर बघून घ्या. त्या दिवशी सेंट फ्रान्सिस झेवियर या सोळाव्या शतकातल्या धर्मप्रसारक संताचं फेस्त, म्हणजे उत्सव असतो, आणि आधीचे नऊ दिवस नोवेना, म्हणजे रोजची खास प्रार्थना. गोवेकर त्याला 'गोंयचो सायब' म्हणतात, आणि फेस्ताला सगळ्या धर्मांची माणसं येतात. फेस्त अनुभवायचं असेल तर जरूर जा, तिथल्या फेरीतून, म्हणजे जत्रेतून, खाजं हा गोड खाऊ घेऊन या. पण कोरीवकाम, चित्रं निवांत बघायची असतील तर ते दिवस टाळा. त्याच्या पार्थिवाचं दर्शन दर दहा वर्षांनी होतं. गेल्या खेपेस ते २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ असं होतं, म्हणजे आता घाई करायचं कारण नाही.

पोचणं अवघड नाही. कोकण रेल्वेने येणार असाल तर करमळी स्टेशनावर उतरा, तिथून जुनं गोवं अगदी जवळ. पणजीहून रायबंदरमार्गे कदंबाची, म्हणजे गोव्याची सरकारी, बस किंवा रिक्षा, अंतर नऊ-दहा किलोमीटर.

कपड्यांचा विचार आदल्या रात्रीच करा. खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत, एवढा साधा नियम. समुद्रावरून थेट येणाऱ्यांची इथेच पंचाईत होते, म्हणून पिशवीत एक मोठी ओढणी किंवा सुती पंचा टाकून ठेवा. चपला काढायच्या नसतात. माझ्या आईला ते फार जड गेलं, दारात तिचा पाय आपोआप चपलेतून निघत होता. टोपी मात्र पुरुषांनी काढायची. पाण्याची बाटली हवीच, कारण एका चर्चपासून दुसऱ्या चर्चपर्यंत उन्हातून चालावं लागतं. आणि घरात असेल तर एक छोटी दुर्बीण. लोक पक्षी बघायला नेतात तीच. वेदीवरचं काम इतकं उंच असतं की नुसत्या डोळ्यांना सगळं सोनेरी-सोनेरी दिसतं, बाकी काही कळत नाही.

ही नांदती देवळं आहेत हे घरातल्या मुलांना आधीच सांगून ठेवा. आत मिस्सा चालू असेल तर मागच्या बाकावर शांत बसा. कोंकणी कान देऊन ऐकलीत तर बरीच कळते. शेवटी लोक रांगेने वेदीकडे जातात आणि फादर त्यांना ख्रिस्तप्रसाद देतात. ती रांग आपली नव्हे. आपल्याकडचा प्रसाद येईल त्याला मिळतो, म्हणून सहज हात पुढे होतो. पण त्यांच्यासाठी तो संस्कार आहे, श्रद्धेने घेतलेला. बाकावर बसून राहिलं की झालं. फोन बंद, फ्लॅश बंद, आणि फोटोबद्दल दारावरची पाटी वाचून मगच कॅमेरा काढा.

मनाची तयारी हाही यादीतलाच मुद्दा, आणि मला तो सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. आमच्यासारख्या अनेक घरांची कुलदैवतं फोंड्यात आहेत. मंगेश मूळचा कुठ्ठाळीचा, शांतादुर्गा केळशीची. सोळाव्या शतकात पोर्तुगीज देवळं पाडू लागले तेव्हा मूर्ती घेऊन माणसं नदीपलीकडे गेली. गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्माविरुद्ध वागणाऱ्यांना शिक्षा करणारं चर्चचं न्यायालय, १५६० पासून १८१२ पर्यंत, मधली थोडी वर्षं सोडली तर, चालू होतं. बाबांच्या मनात हे सगळं होतं आणि ते सकाळपासून गप्प होते. मी त्यांना समजवायला गेले नाही. हे माहीत असूनच जावं, विसरून नव्हे, असं मला वाटतं. कारण त्याच काळात सोळाव्या शतकातच हिंदू कारागिरांनी ख्रिस्ती मूर्ती घडवू नयेत असे हुकूम निघाले, आणि तरीही ते घडवत राहिले. त्यांच्या हातचं काम समोर आहे. ते न बघता परत आलो तर आपल्याच माणसांना आपण ओळख दिली नाही असं होईल.

आता क्रम. सकाळ से कॅथेड्रलची, कारण त्याचं तोंड पूर्वेला आहे. पोर्तुगीज सेनानी अल्बुकर्कने २५ नोव्हेंबर १५१० रोजी, सेंट कॅथरिनच्या दिवशी गोवा घेतला, म्हणून हे तिचं चर्च. बांधकाम १५६२ ला सुरू झालं. दोन मनोऱ्यांपैकी एक १७७६ मध्ये पडला, उरलेल्यात 'सोन्याची घंटा' आहे. हे नाव तिच्या नादावरून पडलंय. मुख्य वेदीवर दुर्बीण लावून कॅथरिनच्या आयुष्यातले प्रसंग बघा.

शेजारीच असिसीच्या सेंट फ्रान्सिसचं चर्च आणि त्याच्या मठात पुरातत्त्व संग्रहालय. पोर्तुगीज व्हाइसरॉयांची चित्रं तिथे ओळीने आहेत, ती भराभर बघितली तरी चालतील. पण कदंब राजघराण्याच्या काळातल्या वीरगळांपाशी थांबा. बोरिवलीजवळच्या एकसरचे नौकायुद्धाचे वीरगळ बघितले असतील तर इथला जहाजाचा वीरगळ लगेच ओळखीचा वाटेल. बाबा पहिल्यांदा बोलले ते इथे.

जेवण उरकून मोंती सांतू टेकडीची चढण. गुडघे दुखणारे कुणी असेल तर वरपर्यंत गाडी न्या. सेंट ऑगस्टीनचा ४६ मीटर उंच, अर्धा उरलेला जांभ्याचा मनोरा तिथे आहे. जॉर्जियाच्या केतेवान राणीचे अवशेष याच उद्ध्वस्त चर्चच्या उत्खननात सापडले, आणि २०२१ मध्ये भारताने ते जॉर्जियाला दिले. समोर सांता मोनिकाच्या जोगिणींचा, म्हणजे नन्सचा मठ, आणि त्यात ख्रिस्ती कला संग्रहालय. वेळा आदल्या दिवशी फोन करून विचारून घ्या. हे संग्रहालय आधी राशोल सेमिनरीत होतं, २००२ मध्ये इथे आलं. चर्चमध्ये तीस फुटांवर चमकणाऱ्या वस्तू इथे हातभर अंतरावर काचेत आहेत. चांदीचा पेलिकन बघा, पृथ्वीच्या गोलावर उभा असलेला. पेलिकन स्वतःच्या छातीचं रक्त पिलांना पाजतो अशी जुनी समजूत, म्हणून तो ख्रिस्ताचं प्रतीक. त्याच्या पिसापिसावर ठोक्यांच्या खुणा आहेत. आई म्हणाली, "आपल्या देवाच्या प्रभावळीवर अस्सेच असतात ना गं?" हस्तिदंती बाळ येशूपाशीही ती बराच वेळ उभी होती.

बॉम जिझस मी मुद्दाम शेवटी ठेवते. संग्रहालयं आधी बघितली की डोळा तयार होतो. वेदीवरचा मोठा इग्नेशियस, म्हणजे झेवियरच्या जेझुइट संघाचा संस्थापक, आणि त्याच्या पायाशी लहानसा बाळ येशू. चर्च खरं तर त्या बाळाच्या नावाचं आहे. उजवीकडे झेवियरचं स्मारक. खालचं संगमरवरी काम फ्लॉरेन्सच्या फोज्जिनी या शिल्पकाराचं, टस्कनीच्या ड्यूकने पाठवलेलं, १६९८ मध्ये इथे उभं केलेलं. झेवियरचं पार्थिव ठेवलेली वरची चांदीची पेटी मात्र गोव्याच्या चांदी-कारागिरांची, १६३० च्या दशकातली. दुर्बिणीतून तिच्यावरचे एकेक चौकोन दिसतात. पाऊण तासात मला जी नुसती एक पेटी दिसली होती, तिच्यावर एका माणसाचं अख्खं आयुष्य कोरलेलं आहे.

मग बाहेर या आणि दर्शनी भिंतीसमोर, थोडं मागे, उभे राहा. तोंड पश्चिमेला आहे, त्यामुळे संध्याकाळचं ऊन थेट भिंतीवर येतं आणि जांभा पेटल्यासारखा लाल होतो. गिलावा विसाव्या शतकात काढला, म्हणून दगड असा उघडा आहे, आणि पावसात झिजतोही आहे. सर्वांत वरच्या चौकटीतली आयएचएस ही येशूच्या नावाची अक्षरं, खांब, कमानी मात्र काळ्या दगडात आहेत. तो बेसॉल्ट वसईहून आणलेला, जवळजवळ सव्वाचारशे वर्षांपूर्वी, गलबतातून. बाबांचं बालपण वसईत गेलंय. त्यांनी चष्मा पुसून परत घातला आणि ऊन उतरेपर्यंत तो काळा दगड बघत राहिले. परतीची गाडी ठरवताना ही शेवटची अर्धी घटका धरूनच ठरवा.