कॉर्नियाच्या पेशंटची क्वालिटी ऑफ लाइफ मोजताय? या चुका टाळा

पेशंट चार्टवर ६/६ वाचतो म्हणजे त्याचं मस्त चाललंय असं धरून चालणारे अजूनही बरेच आहेत, आणि केराटोकोनसमध्ये हा अंदाज हमखास फसतो. त्यात कॉर्निया, म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, शंकूसारखा पुढे आलेला असतो, त्यामुळे उजेडात ठळक काळी अक्षरं ओळखता येतातही, पण रात्री समोरून गाडी आली की एका हेडलाइटचे तीन-चार दिसतात आणि मोबाईलवरच्या प्रत्येक अक्षराला सावली असते. चार्टवर हे दिसत नाही, म्हणून प्रश्नावली भरून घ्यायची. आता घोळ तिथेच सुरू होतात.

पहिला घोळ म्हणजे हाताला लागली ती प्रश्नावली वापरणे. ईक्यू-५डी या सर्वसाधारण तब्येतीच्या प्रश्नावलीत चालणं-फिरणं, स्वतःची कामं, रोजचे व्यवहार, दुखणं आणि चिंता-नैराश्य एवढंच विचारतात, नजरेसाठी वेगळा प्रश्नच नाही. धडधाकट तरुण पेशंट सगळीकडे 'त्रास नाही' वर टिक करतो आणि तुमच्या रिपोर्टमध्ये तो ठणठणीत! नजरेबद्दल विचारणारी व्हीएफक्यू-२५ त्यापेक्षा बरी, पण तीही सगळ्याच डोळ्यांच्या आजारांसाठी बनवलेली आहे. केराटोकोनस असेल तर खास त्यासाठीची केओआरक्यू बघा, फुक्स डिस्ट्रॉफीसाठी (यात कॉर्नियाच्या आतल्या थरातल्या पेशी कमी होतात आणि त्यात पाणी साठतं) १५ प्रश्नांची व्ही-फुक्स आहे.

माझ्या मते सगळ्यात मोठी चूक लेन्सची. 'वाचताना किती अडचण येते?' असं विचारलं की पेशंट लेन्स घालून उत्तर देतोय की काढून, हे कुणी विचारतच नाही. आरजीपी लेन्स (हवा आरपार जाऊ देणारी कडक कॉन्टॅक्ट लेन्स) घातली की नजर झकास, पण संध्याकाळपर्यंत डोळा टोचायला लागतो, काढली की सगळं धूसर, मग यातलं नेमकं कुठलं आयुष्य मोजताय तुम्ही? फॉर्मवरच लिहून ठेवा, लेन्स कुठली, दिवसाला किती तास, उत्तरं कशाला धरून दिली. आणि ऑपरेशनआधी लेन्सशिवाय, नंतर स्क्लेरल लेन्स (डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकणारी मोठी लेन्स) घालून अशी तुलना करून सुधारणेचं श्रेय ऑपरेशनला देऊ नका, प्लीज.

वेळेचंही तसंच. फुक्समध्ये रात्रभर डोळे मिटलेले असल्याने कॉर्नियातलं पाणी उडून जात नाही, सूज चढते, त्यामुळे सकाळी सगळं धूसर आणि दुपारनंतर बरं. दुपारच्या ओपीडीत 'आत्ता कसं दिसतंय?' विचारलंत तर 'ठीक आहे' हेच येणार, सकाळचं वेगळं विचारा. केराटोकोनसमध्ये कॉर्निया मजबूत करायला जे क्रॉसलिंकिंग करतात, त्यानंतर सुरुवातीला दुखतं आणि काही आठवडे नजर आधीपेक्षा खाली जाऊ शकते, तेव्हाचा स्कोर बघून घाबरू नका. नंतरही स्कोर फारसा वर गेला नाही तर उपचार फसला असं नाही, मुळात आजार वाढू नये म्हणूनच ते करतात.

एक्सेलमध्ये आकडे विचित्र दिसतायत? आधी दिशा तपासा. व्हीएफक्यू-२५ मध्ये १०० म्हणजे उत्तम, कोरड्या डोळ्यांच्या ओएसडीआयमध्ये १०० म्हणजे सगळ्यात वाईट, दोन्ही एका तक्त्यात टाकले की गोंधळ ठरलेला. व्हीएफक्यूमध्ये 'दुसऱ्या कारणाने करत नाही' हे उत्तर आलं तर ते गाळायचं, शून्य धरायचं नाही. सर्वसाधारण तब्येतीचा प्रश्न एकूण स्कोरमध्ये येत नाही, तरी लोक बिनधास्त घालतात. ओएसडीआयमध्ये 'लागू नाही' वाले प्रश्न सोडून उरलेल्यांवरच हिशोब करायचा.

सोबत आलेल्या नातेवाइकांना बाहेर बसवा, नाहीतर उत्तरं तेच देतात.

आणि एक, कॉर्निया तर बिघडत चाललाय पण स्कोर जागचा हलत नाही, असं झालं तर पेशंट खोटं बोलतोय असं लगेच समजू नका. माणूस सवय करून घेतो, रात्रीची गाडी सोडतो, अक्षर मोठं करून वाचतो आणि मग प्रामाणिकपणे 'काही अडचण नाही' म्हणतो. अशा वेळी प्रश्नावली बाजूला ठेवून थेट विचारा, आधी करायचात आणि आता सोडलं असं काय काय आहे, आणि ते स्कोरच्या शेजारी तसंच्या तसं लिहून ठेवा.