बर्बन चाखायची बैठक: चार बाटल्या, चार ग्लास आणि थोडं पाणी

बर्बन ही अमेरिकी व्हिस्की समजून घ्यायची असेल तर एकच महागडी बाटली उघडून बसण्यात फारसा अर्थ नाही. शेजारी तुलनेला काही नसलं की जीभ ‘गोड आहे, जळजळते’ याच्या पुढे जात नाही. त्यापेक्षा सहज मिळणाऱ्या चार बाटल्या ओळीनं मांडा.

असं करण्यामागे कारण आहे. अमेरिकेच्या कायद्यानं बर्बनपुरतं बरंच काही आधीच पक्कं केलंय. धान्यात मका किमान 51 टक्के हवा. पीप ओकचं, आतून जाळलेलं आणि कोरंच हवं. ऊर्ध्वपातनात अल्कोहोल 80 टक्क्यांच्या वर नेता येत नाही, पिपात भरताना 62.5 च्या वर चालत नाही आणि बाटलीत 40 च्या खाली जाता येत नाही. वरून रंग किंवा स्वाद घालायला मनाई. (केंटकी राज्यातच बनली पाहिजे ही मात्र समजूत, कायदा नव्हे, अमेरिकेत कुठेही बनवता येते.) इतकं सगळं बांधलेलं असताना चवीत फरक पडतो तो उरलेल्या धान्यामुळे, यीस्टमुळे, मुरण्याच्या काळामुळे आणि बाटलीतल्या तीव्रतेमुळे. बैठकीत यातली शक्यतो एकेक गोष्ट बदलायची.

बाटल्या निवडताना

पहिल्या तीन बाटल्या सारख्याच तीव्रतेच्या घ्या. मेकर्स मार्क, बफेलो ट्रेस आणि बुलेट या तिन्ही अमेरिकेत 45 टक्क्यांना, म्हणजे 90 प्रूफला मिळतात. काही देशांत यांतली एखादी 40 ला विकली जाते, तेव्हा लेबल बघूनच घ्या. फरक धान्यात आहे. मेकर्स मार्कमध्ये 70 टक्के मका, 16 टक्के गहू आणि बाकी मोड आणलेलं जव. राय (गव्हासारखंच एक धान्य) अजिबात नाही. बफेलो ट्रेसमध्ये राय आहे, पण बेताचीच. बुलेटमध्ये ती तब्बल 28 टक्के. गव्हाची बर्बन मऊ आणि पावासारखी गोडसर लागते. राय वाढली की मिरी, बडीशेप, पुदिना अशी तिखट बाजू पुढे येते. चौथी बाटली वाइल्ड टर्की 101, म्हणजे 50.5 टक्के. ती तीव्रता आणि पाणी यांचा खेळ दाखवायला.

क्रमही हाच ठेवा. जोरदार बाटली आधी घेतली की तिच्यानंतरचं सगळं पाणचट लागतं आणि दोष उगाच मेकर्स मार्कच्या माथी बसतो.

जास्त वयाची बाटली आणायचा मोह टाळा. कोऱ्या, जाळलेल्या लाकडात व्हिस्की झपाट्यानं मुरते. स्कॉच बहुतेक वेळा वापरलेल्या पिपांत मुरते, त्यातली कितीतरी पिपं बर्बनचीच असतात, म्हणून तिला जास्त वर्षं मानवतात. बर्बन बारा-पंधरा वर्षांपलीकडे गेली की बऱ्याचदा लाकूड बाकी सगळ्यावर चढतं: कोरडी, तुरट, कडवट.

मांडणी

प्रत्येकाला चार ग्लास, प्रत्येकी 15 मिली. ट्यूलिपसारखा वर निमुळता होत जाणारा ग्लास वास धरून ठेवतो. तो नसेल तर वाइनचा छोटा ग्लास चालेल. रुंद तोंडाच्या ग्लासातून वास उडून जातो. ग्लास आदल्या दिवशी गरम पाण्यानं खळबळून उपडे न ठेवता वाळवा. उपडा ठेवला की फडक्याचा किंवा कपाटाचा कोंदट वास आत राहतो आणि मग लोक त्यालाच ‘जुनं लाकूड’ म्हणतात. अत्तर, फोडणी, सुगंधी मेणबत्ती, सगळं लांब. व्हिस्की खोलीच्या तापमानाची हवी, फ्रिजमधली नको. थंडीत वास दबतो.

ग्लासांखाली कागद घालून 1 ते 4 आकडे लिहा आणि कुठल्या आकड्याला कुठली बाटली हे ओतणाऱ्यालाच माहीत असू द्या. नाव दिसलं की माणूस लेबल चाखतो.

चकणा साधाच: बिनमिठाची बिस्किटं, पेकन किंवा बदाम, थोडं काळं चॉकलेट. मसालेदार काही असेल तर ते बैठक संपल्यावर. प्यायचं पाणी वेगळं आणि भरपूर ठेवा. चार नमुन्यांचे 60 मिली कमी वाटतात, पण अमेरिकी हिशेबानं 40 टक्क्यांची 44 मिली व्हिस्की म्हणजे एक पूर्ण पेय. इथे दीडाच्या वर जाते. गाडी चालवून घरी जाणारा कोणी असेल तर त्यानं वास घेऊन ग्लास पुढे सरकवावा.

वास, घोट, पाणी

ओतल्यावर पाचेक मिनिटं ग्लास तसाच राहू द्या. मग तो हनुवटीपाशी आणा, तोंड किंचित उघडं ठेवा आणि हळूच वर न्या. नाक आत खुपसून जोरात हुंगलं तर अल्कोहोलचा झटका बसतो आणि पुढची दोन-तीन मिनिटं काहीच कळत नाही. वाइनसारखं गरागरा फिरवूही नका. त्यानंही अल्कोहोलच आधी वर येतं.

काय शोधायचं? व्हॅनिला, जळकी साखर, ओलं खोबरं. हे तिन्ही पिपातून येतात. लाकूड तापलं की त्यातल्या लिग्निनपासून व्हॅनिलिन तयार होतं, लाकडातल्या शर्करा करपून कॅरामेल होतात आणि ओकमधली लॅक्टोन्स खोबऱ्याचा वास देतात. नेहमीच्या वापरातल्या सर्वांत खोल जाळलेल्या, 4 नंबरच्या पिपाला अमेरिकेत ‘अ‍ॅलिगेटर चार’ म्हणतात (इथे ‘चार’ हा आकडा नव्हे, जळून कोळसा झालेल्या थराचा इंग्रजी शब्द), कारण आतल्या कोळशाला मगरीच्या पाठीसारख्या खपल्या धरतात. वाइल्ड टर्की अशाच पिपांत मुरते. उन्हाळ्यात व्हिस्की लाकडात शिरते, थंडीत बाहेर येते आणि रंगही तिथूनच उचलते.

पहिला घोट अगदी छोटा घ्या आणि त्यावर मत देऊ नका. तो फक्त तोंडाची तयारी. दुसरा घोट जिभेवर पसरून, चावल्यासारखं तोंड हलवत दहा सेकंद धरा. केंटकीत याला ‘केंटकी च्यू’ म्हणतात. गिळल्यावर नाकानं श्वास सोडा. बुलेट आणि मेकर्स मार्कमधला फरक बहुतेकांना इथेच सापडतो: एकीत घशाशी मसाला रेंगाळतो, दुसरीत गोडवा जिभेच्या पुढच्या भागावर राहतो.

आता चौथा ग्लास. थोडी तशीच चाखा. मग उरलेल्यात ड्रॉपरनं पाणी घाला आणि ग्लास उजेडासमोर धरा: पाणी मिसळताना तेलकट, वळणावळणाच्या रेषा क्षणभर दिसतात. 15 मिलीत अर्धा चहाचा चमचा, म्हणजे 2.5 मिली पाणी घातलं तर 50.5 टक्के उतरून साधारण 43 वर येते. जळजळ कमी होते आणि झाकलेली फळं, मध वर येतात. पिपातून जवळजवळ तशीच भरलेली 60 टक्क्यांची बाटली असेल तर 15 मिलीला पूर्ण चमचा, म्हणजे 5 मिली, की 45 टक्के. पाणी गाळलेलं घ्या. नळाच्या पाण्यातला क्लोरीन लगेच नाकात येतो. आणि थेंबाथेंबानं घाला, कारण जास्त पडलं तर परत काढता येत नाही.

कॉकटेल करायचंच तर

ओल्ड फॅशन्ड पुरे. 60 मिली बर्बन, 5 ते 7 मिली साखरेचा पाक, अंगोस्तुरा बिटर्सचे (मसाल्यांच्या कडवट अर्काचे) दोन-तीन शिंतोडे. बर्फावर वीस-पंचवीस सेकंद ढवळा आणि एका मोठ्या बर्फावर गाळा. वरून संत्र्याची साल पिळा. आतला पांढरा भाग मात्र तासून टाका, तो कडू असतो. बर्बन 50 टक्क्यांची घेतलेली बरी, कारण बर्फाचं पाणी मिसळून ती बरोबर जागेवर येते. 40 ची इथे फिकी पडते. दाणेदार साखर मद्यात नीट विरघळत नाही, तळाशी चिखल होतो. संत्र्याच्या फोडी आत चेचणं हा तर निव्वळ फळांचा काला.

निमित्त आणि लेबल

निमित्त हवं असेल तर सप्टेंबर आहेच. अमेरिकी सिनेटनं 2007 मध्ये तो बर्बन वारशाचा महिना म्हणून जाहीर केला. आम्ही 3 मार्च सुचवू. 1897 मध्ये त्या दिवशी ‘बॉटल्ड इन बाँड’ कायदा झाला: एकाच भट्टीची, एकाच हंगामातली, सरकारी देखरेखीच्या गोदामात किमान चार वर्षं मुरलेली, नेमकी 50 टक्के. भेसळीच्या जमान्यात ती खात्री होती. आजही हे शब्द लेबलवर असले तर भरवसा ठेवता येतो. ‘स्मॉल बॅच’ला मात्र कायदेशीर व्याख्याच नाही, त्यामुळे त्यावर पैसे मोजू नका. ‘स्ट्रेट’ म्हणजे किमान दोन वर्षं. चार वर्षांपेक्षा कमी असेल तर वय छापावं लागतं.

उरलेल्या बाटल्या उभ्या ठेवा, आडव्या नकोत. तीव्र मद्यानं बूच झिजतं आणि चुरा होतो. ऊन लागू देऊ नका. बाटली एक तृतीयांशाच्या खाली गेली की आतल्या हवेनं काही महिन्यांत वास सपाट होतो. तेव्हा उरलेली व्हिस्की काचेच्या छोट्या बाटलीत गळ्यापर्यंत भरा आणि वर नाव, तारीख चिकटवा.