घोडा घेण्याआधी एक मे महिना तबेल्यात

घोडा घ्यायचं मनात असेल तर रायडिंगच्या तासांवर थांबू नका. तबेल्यात मोतद्दाराच्या, म्हणजे घोड्यांची निगा राखणाऱ्याच्या, हाताखाली लीद काढायला लागा. तेही नागपूरच्या मे महिन्यात, पारा ४५ ला टेकलेला असताना! एरवी दिवसाला २५-३० लिटर पाणी पिणारं जनावर तेव्हा किती बादल्या रिचवतं, हे स्वतः भरल्याशिवाय कळत नाही. खरारा (ब्रशने अंग घासणं), चंदी (दाणा चारणं) लवकर जमतं. खूर उचलून साफ करायला मात्र वेळ लागतो, पाठही धरते. नाल ठोकणारा नालबंद ६ ते ८ आठवड्यांनी येतो, त्या दिवशी ऑफिसला सुट्टी टाका. घोडा लीद टाकेनासा झाला, सारखा पोटाकडे वळून पाहू लागला, तर पोटशुळाची शंका धरा आणि घरगुती उपाय न करता पशुवैद्याला फोन लावा.