दहावी वर्षभर आधी द्यावी का? आमच्या घरचा हिशेब

आमच्या लेकीने दहावीची परीक्षा एक वर्ष आधी दिली, हे इंदूरच्या सुदामानगरातल्या आमच्या गल्लीत सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळे निकालाच्या दिवसांत दर वर्षी कोणी ना कोणी दार वाजवते. 'आमचाही हुशार आहे हो, नववीत वर्ष कशाला घालवायचे? तुम्ही कसे केले ते सांगा.' मी चहा टाकते आणि आधी एकच विचारते, मुलाची जन्मतारीख काय? लोक जरा गोंधळतात. त्यांना वाटलेले असते की मी टक्के विचारीन.

लेकीची जन्मतारीख ९ जानेवारी २००९. आठवीत होती तेव्हाच तिचे गणित वर्गाच्या बरेच पुढे गेले होते. माझे सासरे, आमचे नाना, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. दुपारची झोप झाली की ते ओटल्यावर खुर्ची टाकून बसत आणि ही मांडीवर पुठ्ठा घेऊन त्यांच्या शेजारी. समरूप त्रिकोण, वर्गसमीकरणे, सगळे तिथेच झाले. शाळेत मात्र हीच मुलगी बाकावर हनुवटी टेकून खिडकीबाहेर बघत बसायची. वर्गशिक्षिकांनी आम्हाला दोनदा बोलावून सांगितले, 'हिचे लक्ष नसते.' तिसऱ्या खेपेला नाना स्वतः गेले आणि म्हणाले, 'जे येते तेच पुन्हा ऐकताना लक्ष कुठे ठेवायचे तिने?'

नववी गाळून थेट दहावीत बसवता येईल का, असे विचारले. शाळेने नाही म्हटले, आणि ते नियमाला धरूनच होते. सीबीएसईत विद्यार्थ्याची नोंदणी नववीतच होते, नववी-दहावी मिळून दोन वर्षांचा एक अभ्यासक्रम मानतात. नियमित शाळेत राहून ही उडी मारता येत नाही. मग उरली ओपन स्कूल, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, सगळे जिला एनआयओएस म्हणतात ती. तिथे दहावीला वयाची खालची अट १४ वर्षांची आणि बारावीला १५ ची. नववीचा दाखला मागत नाहीत. पाच विषय घ्यायचे, त्यात निदान एक भाषा हवी, उत्तीर्ण व्हायला ३३ टक्के. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. एकदा नाव घातले की नोंदणी पाच वर्षे चालते आणि तेवढ्यात नऊ वेळा परीक्षेला बसता येते. १४ वर्षे कोणत्या तारखेला पूर्ण हवीत, ते त्या त्या सत्राच्या माहितीपुस्तिकेत दिलेले असते. ती तारीख स्वतःच्या डोळ्यांनी वाचा, फॉर्म भरून देणाऱ्या दुकानदाराच्या तोंडून नको.

मार्च २०२२ मध्ये आठवी संपली आणि आम्ही तिला शाळेतून काढले. एप्रिल २०२३ ची परीक्षा धरली.

त्या वर्षातली एक गोष्ट मात्र मी आजही कोणाला देणार नाही. भाषांच्या यादीत मराठी होती, आणि तिने ती घेतली. इंदूरची मुले घरात मराठी बोलतात, पण शाळेत हिंदी आणि इंग्रजीच लिहितात. हिला मराठी वाचता यायचे, लिहिताना मात्र प्रत्येक 'ळ'चा 'ल' व्हायचा. 'मला वेल नाही.' 'शाला लांब आहे.' सासूबाई लाल पेन्सिल घेऊन बसत आणि चुकलेल्या प्रत्येक 'ल'ला गोल करत. पहिल्या निबंधात २३ गोल होते. हिने ते मोजले, वहीच्या कोपऱ्यात आकडा लिहिला, आणि पुढच्या निबंधापासून तो कमी करायचा चंगच बांधला. दिवाळीपर्यंत आकडा चारावर आला. ती वही सासूबाईंनी देवघराच्या कपाटात ठेवली आहे.

बाकीचे वर्ष इतके गोड नव्हते. एकटीने अभ्यास करायचा म्हणजे सकाळी नऊ वाजता घरातले सगळे आपापल्या कामाला गेले की टेबलाशी बसायला स्वतःच स्वतःला उठवायचे. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला ते रोज जमत नाही. शाळेतल्या मैत्रिणी आधी रोज फोन करायच्या, मग रविवारी, मग वाढदिवसाला. त्यांचे नववीचे स्नेहसंमेलन झाले, त्या रात्री ही लवकर झोपली. आमच्या लक्षात आले आणि आम्ही गप्प राहिलो. तेव्हा बोलायला हवे होते, असे आता वाटते. गणपतीत मंडळाच्या नाटकात काम मिळाले, तेवढे दहा-बारा दिवस घरात पुन्हा तिचा आवाज ऐकू आला. तुम्ही या वाटेने जाणार असाल तर मुलाला रोज संध्याकाळी चार मुलांत नेऊन सोडणारे काहीतरी आधी ठरवा. मैदान, तबल्याचा क्लास, काहीही. अभ्यासाचे वेळापत्रक त्यानंतर.

अभ्यासाबद्दल थोडक्यात. प्रत्येक विषयाची एक असाइनमेंट घरी लिहून द्यायची असते, तिला टीएमए म्हणतात, आणि तिला २० टक्के वजन आहे. ती औपचारिकता समजून शेवटच्या रात्री उरकणारे बरेच आहेत. तसे करू नका, ते हातातले गुण आहेत. विज्ञानाचे प्रात्यक्षिक अभ्यासकेंद्रावर जाऊन करावे लागते, आणि ते किती वेळा, कधी, हे आपणच पाठपुरावा करून विचारायचे. घरी बोलावणे येत नाही. आणखी एक, दहावीची मार्कशीट हा पुढे जन्मभर जन्मतारखेचा पुरावा म्हणून चालणारा कागद आहे. आधार, जन्मदाखला आणि फॉर्म, तिन्हीकडे नावाचे स्पेलिंग अक्षर न् अक्षर जुळवा. आपल्या मराठी आडनावांचे हिंदीत आणि इंग्रजीत तीन-तीन प्रकारे लिहिणे होते, आणि ते नंतर सुधारत बसण्यात फार जीव जातो.

परीक्षेला केंद्रावर तिच्या पुढच्या बाकावर तिशीतल्या एक बाई होत्या. लहान मूल बाहेर नवऱ्याकडे ठेवून आलेल्या. त्यांनी हिला विचारले, 'बेटा, तुम यहाँ कैसे?' ही म्हणाली, 'मला लवकर द्यायची आहे.' गडबडीत मराठीतच म्हणाली. त्या बाई हसल्या आणि म्हणाल्या, 'हमारी तो देर हो गई.' घरी आल्यावर पेपर कसा गेला हे सांगायच्या आधी तिने हे सांगितले.

निकाल चांगला लागला, पण लागला जूनमध्ये. अकरावीचे वर्ग एप्रिलपासून सुरू झालेले होते. एका शाळेने दोन आठवडे आज-उद्या केले आणि शेवटी सांगितले, ओपनची मुले आम्ही घेत नाही. एनआयओएसचे प्रमाणपत्र देशभर इतर मंडळांच्या बरोबरीचे आहे, तरी दारात उभे राहिल्यावर समोरचा माणूस काय म्हणेल याची खात्री नसते. म्हणून अकरावीला जिथे घालायचे आहे त्या शाळेत दहावीचा फॉर्म भरायच्या आधी जाऊन या. 'अशी मुलगी जूनअखेर आली तर घ्याल का?' इतके विचारून, जमले तर लिहून घ्या. आम्ही ते निकालानंतर केले. दुसऱ्या शाळेने घेतले, पण तीन महिन्यांचा बुडालेला अभ्यास तिला एकटीलाच भरून काढावा लागला.

आता जन्मतारखेकडे येते.

अकरावीत तिने जीवशास्त्र घेतले. तेराव्या वर्षी तिला काय व्हायचे हे ठाऊक नव्हते, आणि ते साहजिक होते. पंधराव्या वर्षी ठाऊक झाले, डॉक्टर. एका रात्री जेवणे आटोपल्यावर हे नीटची, म्हणजे मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेची, माहिती वाचत होते. वाचता वाचता थांबले आणि भिंतीवरचे कॅलेंडर काढून आणले. नीटला बसायचे तर प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत वयाची १७ वर्षे पूर्ण लागतात. तिची बारावी मार्च २०२५ ला होणार. ३१ डिसेंबर २०२५ ला तिला १७ पूर्ण व्हायला नऊ दिवस कमी. नऊ दिवस! यांनी बोटावर मोजले, मी मोजले, मग नानांनी कागदावर मांडले. उत्तर तेच. ज्या वर्षासाठी तिने नववी सोडली, मैत्रिणी सोडल्या, ते वर्ष आता दारात बसून घालवायचे होते. आणि मग तिच्या जुन्या वर्गासोबतच २०२६ ची नीट. नाना त्या रात्री काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी ओटल्यावर खुर्ची आली नाही.

म्हणून मी जन्मतारीख विचारते. हिशेब शेवटापासून मागे करायचा. मुलाला पुढे जिथे जायचे आहे किंवा जाण्याची शक्यता आहे, त्या प्रत्येक दारावर वयाची काय पाटी आहे ते आधी बघायचे. मेडिकलला १७. सैन्यात अधिकारी व्हायच्या एनडीएला साडेसोळा. इंजिनीअरिंगच्या जेईईला खालची वयाची अट नाही, पण तिथे घड्याळ वेगळेच आहे. जेईई अॅडव्हान्स्ड, म्हणजे आयआयटीची परीक्षा, सलग दोन वर्षांत दोनदाच देता येते, आणि त्या दोन वर्षांची मोजणी बारावीच्या वर्षापासून होते. बारावी लवकर उरकली की घड्याळही लवकर सुरू झाले. सोळाव्या वर्षी पहिला प्रयत्न आणि सतराव्या वर्षी शेवटचा. इथल्या भंवरकुआँच्या कोचिंगमध्ये तुम्हाला लवकर यायला सांगतील, पण या घड्याळाचे कोणी सांगणार नाही.

ओपनमधूनच बारावीही करून मोकळे होऊ, असे कोणी म्हणत असेल तर दोन गोष्टी. एनआयओएसमध्ये दहावी आणि बारावीच्या प्रमाणपत्रांत दोन वर्षांचे अंतर राखावे लागते. त्याआधी बसलात तर चार विषयांपर्यंतच देता येतात, पाचवा दोन वर्षे झाल्यावर. म्हणजे तिथे वर्ष वाचत नाही. दुसरे, ओपनच्या मुलांना नीटला बसू न देण्याची अट होती, ती दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये रद्द केली, पण प्रकरण सर्वोच्च न्यायालयात २०२४ पर्यंत चालले. आज वाट मोकळी आहे. तेव्हा ज्यांची मुले त्या वयात होती त्यांची ती वर्षे कशी गेली असतील याची मला कल्पना आहे.

हल्ली लोक सीबीएसईच्या नव्या नियमाने गोंधळतात. २०२६ पासून दहावीची बोर्डाची परीक्षा दोनदा होते हे खरे. पण पहिली फेब्रुवारीतली सर्वांना सक्तीची, आणि मेमधली ऐच्छिक, जास्तीत जास्त तीन विषयांत गुण सुधारण्यासाठी. दोन्ही त्याच वर्षी, दहावीतच. नववीतल्या मुलाला लवकर बसवण्याशी त्याचा संबंध नाही.

मग लवकर देऊच नये का? माझ्या मते देण्यासारखी मुले असतात. ज्यांच्याकडे वाचलेले वर्ष ठेवायला जागा असते. गाण्यात, खेळात रोज पाच-सहा तास घालणारे मूल असेल तर शाळेचा दिवस त्याच्या अंगावर येतो. त्याला ओपन फार उपयोगी, पण त्यालाही घाईसाठी नव्हे, विषय वाटून घेण्यासाठी. दोन विषय ऑक्टोबरला, तीन पुढच्या एप्रिलला. ही सोय फारच थोडे लोक वापरतात, आणि मला तीच या सगळ्यातली सर्वांत शहाणी सोय वाटते. फक्त हुशार आहे, कंटाळतो, म्हणून मात्र मी आता कोणाला 'हो' म्हणत नाही. आमच्या लेकीनेच ते मला शिकवले. नऊ दिवसांचा हिशेब झाल्यावर मी तिला पहिल्यांदा नीट विचारले, 'तुला खरेच नववी नको होती का गं?' ती म्हणाली, 'आई, नववी चालली असती मला. त्या गणिताच्या तासाला फक्त काहीतरी करायला हवे होते.' तिला वर्ष गाळायचे नव्हतेच. तिला पुढची वही हवी होती. तेराव्या वर्षी हे तिला कोणी विचारले नाही. आम्ही चौघे मोठे जेवणाच्या टेबलावर बोलत होतो आणि ती वाढलेले खात होती.

ती आता घरी आहे, नीटचा अभ्यास करते, सकाळी नानांना पेपर वाचून दाखवते. मेमध्ये परीक्षा आहे.

मागच्या आठवड्यात समोरच्या वहिनी आल्या. मुलगा सातवीत, गणितात पैकीच्या पैकी, आणि त्याला शाळेतून काढून ओपनमध्ये घालायचे मनात आहे, असे म्हणाल्या. फॉर्मची प्रिंटही काढून आणली होती. मी म्हटले, 'वहिनी, तुम्ही चहा घ्या, मी जरा त्याच्याशी बोलते.' तो बाहेर ओटल्यावर नानांच्या खुर्चीजवळ उभा होता. मी विचारले, 'शाळा का सोडायची रे तुला?' आधी म्हणाला, बोर होते. मी थांबले. मग खाली बघत म्हणाला, 'काकू, मला बसने नाही जायचे.' मागच्या सीटवरची मोठी मुले रोज त्याचा डबा काढून घेतात, दप्तर खिडकीतून फेकायची धमकी देतात. दिवाळीपासून चालले होते. घरी सांगितले नव्हते.

वहिनींनी ते ऐकले आणि हातातला फॉर्म घडी घालून पर्समध्ये ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा-बायको दोघेही शाळेत जाऊन आले. मुलगा सध्या बापाच्या स्कूटरवर जातो. संध्याकाळी पाचला वही घेऊन आमच्याकडे येतो, आणि नानांची खुर्ची पुन्हा ओटल्यावर असते.