लेकीचा खेळ सुटू नये म्हणून आईने काय करावं

सहावीपर्यंत सोसायटीत धुडगूस घालणारी मुलगी आठवीत गेली की खाली उतरायचीच बंद होते, किती घरांत दिसतं हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या आकड्यांनुसार जगभरातल्या ११ ते १७ वयाच्या ८५ टक्के मुलींची पुरेशी हालचाल होत नाही, मुलांमध्ये हेच प्रमाण ७८ टक्के आहे. पाळी, क्लास, लांबचं मैदान अशी कारणं बरीच असतात, पण आईच्या हातातलंही बरंच काही असतं.

१. आधी आरशासमोरचं बोलणं थांबवा. कुर्ता घालताना पोट आत ओढून "बाई गं, किती सुटलेय मी, दंड बघ कसे झालेत" असं आपण सहज बोलून जातो, लेक पलंगावर मोबाईल घेऊन लोळत असते, लक्ष नाहीये असं वाटतं पण ती सगळं ऐकत असते. त्यात नातेवाईक तिला "अगदी आईवर गेलीय" म्हणतात, मग ती स्वतःचे दंडही त्याच नजरेने बघायला लागते, मग शॉर्ट्स नको, जर्सी नको, शेवटी प्रॅक्टिसच नको. "उन्हात काळी पडशील" हेही बंद.

२. व्यायामाला शिक्षा बनवू नका. "काल गुलाबजाम खाल्ले म्हणून आज चालायला जाते" याऐवजी "चालून आलं की झोप मस्त लागते" म्हणा, आणि ते खरं असतं म्हणूनच म्हणा.

३. स्वतःची वेळ ठरवा. मोठ्यांना आठवड्याला किमान १५० मिनिटं व्यायाम सांगितलाय, म्हणजे रोज वीस-पंचवीस. पण सगळं आवरून उरलेल्या वेळात करू म्हणाल तर तो वेळ कधीच उरत नाही! तेवढ्या वेळात कुकर बाबा लावतील, दादा लावेल. मला हीच पायरी सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण आई पाहुणे आले की आपलं चालणं सोडते हे बघत वाढलेली मुलगी पाहुणे आले की आपली प्रॅक्टिस सोडते.

४. तिच्याकडून शिका. दोरीवरच्या उड्या, बॅडमिंटन, मंगळागौरीच्या फुगड्या, काहीही चालेल, दम लागला पाहिजे. मॅचही एकत्र बघा. जानेवारी २०२५ मध्ये प्रियांका इंगळेच्या कॅप्टन्सीत आपल्या मुलींनी दिल्लीत खो-खोचा पहिला वर्ल्ड कप जिंकला, त्या मॅच बघताना कोण कशी दिसते यापेक्षा तिने डाईव्ह कशी मारली, पोलला वळली कशी, यावर बोला.

५. स्पोर्ट्स ब्रा दोघींसाठी घ्या, ट्रायल रूममध्ये उड्या मारून बघा, टोचली तर दुसरी घ्या. पॅड किटबॅगेत कायम असू दे, पाळीत खेळायचं की नाही ते तिला ठरवू दे.

एक मात्र बघा, ती जेवण टाळायला लागली किंवा सुरू झालेली पाळी सलग तीन महिने आली नाही तर "खेळामुळे होतं" म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना दाखवा.