थ्रिलर कसा बघावा, ड्रामा कसा

थ्रिलर असेल तर ट्रेलर बघूच नका आणि सुरुवात चुकवू नका. ‘महाराजा’ या तमिळ सिनेमात (२०२४) काळ पुढे-मागे जातो, आधी साधी वाटलेली दृश्यंच शेवटी अंगावर येतात. मी १५ मिनिटं उशिरा पोचले होते. शेवट कळला, पण भिडला नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिकीट काढलं, तेव्हा हात गार पडले.

ड्रामाला मात्र एकटं जावं. पायल कपाडियाच्या ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’मध्ये मुंबईतल्या नर्सेस आहेत, पाऊस आहे, लोकल आहे. २०२४ साली त्याला फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात ‘ग्रां प्री’ हा पुरस्कार मिळाला. असा सिनेमा सावकाश उलगडतो, त्याला वेळ द्या. फोन बंदच. सुटल्यावर लगेच कुणाशी बोलू नका. मी दादर चौपाटीपर्यंत चालत जाते, मग बहिणीला फोन करते.