मॅगझीनबंदीवर बोलायचं असेल तर आधी टाळ्या मोजा

उदगीरला आमच्या अभ्यासिकेत दर शनिवारी संध्याकाळी गटचर्चा असते. मी पायदळातून हवालदार म्हणून निवृत्त झालो, पण आपल्याकडे फौजेतून आलेला प्रत्येक जण मेजरच असतो, त्यामुळे लेकरं मला मेजरकाका म्हणतात. मागच्या महिन्यात चिठ्ठीत विषय निघाला: अमेरिकेत जास्त गोळ्यांच्या मॅगझीनवर बंदी घातली तर उपयोग होईल का? पाच मिनिटांत दोन गट पडले. एक म्हणे बंदी घातलीच पाहिजे. दुसरा म्हणे बंदीनं काय होतंय, आपल्या गुटखाबंदीचं बघा. उपयोग म्हणजे नेमका कशाला उपयोग, हे मात्र एकानंही विचारलं नाही. म्हणून हा विषय कसा हाताळायचा ते सविस्तर लिहितोय.

दुसरंही कारण आहे. माझी पुतणी अमेरिकेत डॅलसजवळ राहते. तिची मुलगी सहा वर्षांची. परवा व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "आजोबा, आज बाईंनी वर्गाचे लाइट बंद केले, दार लावलं, आणि आम्ही सगळे कोपऱ्यात बसलो. मी अजिबात आवाज केला नाही." शाळेत कुणी बंदूक घेऊन घुसलं तर काय करायचं, त्याचा तो सराव होता. ती शाबासकी मिळाल्यासारखी सांगत होती. त्या रात्री मला झोप लागली नाही.

तर सुरुवात वस्तूपासून करा. आमच्यातल्या एका मुलीला आधी मॅगझीन म्हणजे मासिक वाटलं होतं, आणि तिनं ते विचारलं हे चांगलंच केलं. बंदुकीचं मॅगझीन म्हणजे पत्र्याची किंवा प्लास्टिकची लांबट डबी. तळाशी स्प्रिंग, तिच्यावर एकावर एक रचलेल्या गोळ्या. आमच्या फौजेतल्या इन्सास रायफलचं मॅगझीन वीस राऊंडचं, म्हणजे वीस गोळ्यांचं, आणि अर्धपारदर्शक असायचं. उजेडात धरलं की किती उरले ते दिसायचं. एके-४७ चं तीसचं. शेवटचे दोन-तीन राऊंड भरताना अंगठा दुखून यायचा, स्प्रिंग इतकी दबलेली असायची. अमेरिकेतल्या बहुतेक कायद्यांत 'जास्त' म्हणजे दहापेक्षा जास्त. हे पहिल्याच वाक्यात सांगून टाका. आणि मॅगझीनबंदी म्हणजे बंदूकबंदी नव्हे, हेही लगेच सांगा. दहाचं मॅगझीन लावून तीच बंदूक चालते. निम्मी चर्चा याच गोंधळात वाया जाते.

आता टाळ्या. एक टाळी म्हणजे एक गोळी, पेनचं टोपण म्हणजे मॅगझीन बदलणं. एकाला भिंतीशी उभं करा. सेकंदाला दोन या वेगानं त्यानं तीस टाळ्या वाजवायच्या. दुसऱ्यानं दारात थांबायचं. टाळ्या चालू आहेत तोवर हलायचं नाही. थांबल्या की धावत जाऊन त्याच्या खांद्याला हात लावायचा. पहिली फेरी तीस सलग. दुसऱ्या फेरीत दर दहा टाळ्यांनंतर खिशातून पेन काढायचा, टोपण काढून मागच्या बाजूला लावायचं, पेन परत खिशात ठेवायचा, मगच पुढची टाळी.

आमच्याकडे पहिल्या फेरीत दारातला पोरगा पंधरा सेकंद नुसता उभा होता. दुसऱ्या फेरीत पाचव्या सेकंदाला टाळ्या थांबल्या, टाळ्या वाजवणाऱ्याच्या हातून टोपण निसटलं, ते फरशीवरून उचलेपर्यंत खांद्यावर हात पडला होता. मग तिसरी फेरी एका मुलीला दिली. तिनं आधी कोपऱ्यात बसून दहा वेळा सराव केला होता. तिचं टोपण दोन सेकंदांत लागलं आणि धावणारा खोलीच्या मध्यावरच राहिला. दुसरी आणि तिसरी, दोन्ही फेऱ्या वहीत लिहून ठेवा. पुढचा सगळा वाद या दोघींच्या मधला आहे.

दुसऱ्या फेरीचं खरं उदाहरण टुसॉनचं. ८ जानेवारी २०११, ॲरिझोना राज्य. खासदार गॅब्रिएल गिफर्ड्स एका दुकानाबाहेर मतदारांना भेटत होत्या. हल्लेखोराच्या पिस्तुलात ३३ गोळ्यांचं मॅगझीन होतं, ते सुमारे पंधरा सेकंदांत रिकामं झालं. सहा जण गेले, तेरा जखमी झाले. दुसरं मॅगझीन बसवताना ते हातातून पडलं, ६१ वर्षांच्या एका बाईनं ते पकडलं आणि लोकांनी त्याला खाली दाबलं. दाबणाऱ्यांत ७४ वर्षांचे एक निवृत्त कर्नल होते. त्यांच्या स्वतःच्या डोक्याला गोळी चाटून गेली होती. पुढे २०१३ मध्ये गिफर्ड्स यांचे पती, अंतराळवीर मार्क केली, यांनी सिनेटच्या समितीपुढे साक्ष दिली. टुसॉनमध्ये नऊ वर्षांची एक मुलगी गेली होती, तिला लागलेली गोळी तेरावी होती. दहाचं मॅगझीन असतं आणि तेही असंच पडलं असतं, तर ती वाचली असती, असं त्यांनी सांगितलं. दहा आणि तेरा. इतक्या थोडक्यात हा मुद्दा दुसऱ्या कुणी मांडल्याचं मी वाचलेलं नाही.

हात कसे चुकतात ते मी फायरिंग रेंजवर पाहिलंय. नवा रंगरूट, पहाटेची थंडी, तरी तळहात ओले. मॅगझीन खाचेत बसत नाही, दोनदा खालून ठोकावं लागतं. आणि समोर फक्त कागदाचं टार्गेट असतं.

पण तिसरी फेरी लपवू नका. १६ एप्रिल २००७ ला व्हर्जिनिया टेक विद्यापीठात ३२ जण मारले गेले. त्या हल्लेखोराकडे दहा आणि पंधरा गोळ्यांची मॅगझीनं होती, फक्त संख्येनं भरपूर. दहाची मर्यादा असती तरी तिथं फारसा फरक पडला नसता, असं राज्यानं नेमलेल्या चौकशी समितीनं लिहिलंय. १९९९ चा कोलंबाईन शाळेतला गोळीबार तर देशभर मॅगझीनबंदी लागू असतानाचा (ती बंदी १९९४ ते २००४ होती, पुढे येईलच). तिथं एका हल्लेखोरानं दहाचीच मॅगझीनं बदलत गोळ्या झाडल्या. समोरचा गट ही दोन उदाहरणं काढणारच. तुम्हीच आधी काढा, आणि विचारा: पळायला जागा होती का, झडप घालण्याइतकं जवळ कुणी होतं का? बंद वर्गखोलीत मिळालेले दोन सेकंद आणि उघड्या मैदानात मिळालेले दोन सेकंद सारखे नसतात.

यानंतर उपयोगाचं माप ठरवा. अमेरिकेत बंदुकीनं होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात. तिथं एक गोळी पुरते. मॅगझीन दहाचं की तीसचं, काही फरक पडत नाही. भांडणातल्या, लुटीतल्या खुनांतही गोळ्या बहुधा मोजक्याच झाडल्या जातात. तेव्हा "बंदीनं बंदुकीचे मृत्यू कमी होतील का" असं विचारलं की उत्तर निराशेचंच येणार. "सामूहिक गोळीबारात एकाच वेळी पडणारे बळी कमी होतील का" असं विचारा. खरा सवाल हाच आहे.

आता गुटखा. आपल्या राज्यात २०१२ पासून बंदी आहे आणि टपरीवर काय मिळतं ते सांगायची गरज नाही. पानमसाल्याची एक पुडी, तंबाखूची दुसरी, गिऱ्हाईक तोंडात एकत्र करतं. त्यावरून "बंदी फुकट असते" म्हणणं मला पटत नाही. गुटखा रोज संपतो, रोज नवा लागतो, म्हणून रोजची वाहतूक चालते. मॅगझीन संपत नाही. पत्र्याची डबी वीस-तीस वर्षं कपाटात तशीच राहते. म्हणून इथं खरी अडचण जुन्या साठ्याची आहे.

अमेरिकेनं हे करून पाहिलंय. १३ सप्टेंबर १९९४ ला दहापेक्षा जास्त गोळ्यांच्या नव्या मॅगझीनवर देशभर बंदी आली, पण आधी बनलेली ठेवायला, विकायला, बाहेरून आणायलाही मोकळीक राहिली. मॅगझीनवर सहसा अनुक्रमांक नसतो, मग जुनं कोणतं, नवं कोणतं? मुदत दहा वर्षांची होती, ती २००४ मध्ये संपली. त्याच वर्षी ख्रिस्तोफर कोपर या संशोधकानं सरकारला दिलेल्या अहवालात म्हटलं, की बंदी वाढवली तरी परिणाम फार तर लहान असेल, कदाचित मोजता येणार नाही इतका लहान. विरोधक हे वाक्य नेहमी वाचून दाखवतात. त्याच अहवालात जुना साठा प्रचंड असल्याचंही लिहिलंय, ते तुम्ही वाचून दाखवा.

काही राज्यांची स्वतःची बंदी आहे, ती कशी गळते यालाही दाखला आहे. २०१९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या गिलरॉयच्या लसूण महोत्सवात गोळीबार झाला. रायफल शेजारच्या नेवाडात घेतलेली होती. त्याच वर्षी एका न्यायाधीशानं कॅलिफोर्नियाची बंदी रद्द ठरवली, आणि स्थगिती येईपर्यंत आठवडाभरात लोकांनी मॅगझीनांची रीघ लावून खरेदी केली. याउलट न्यूझीलंडनं मार्च २०१९ मध्ये ख्राइस्टचर्चला ५१ माणसं गेल्यावर महिन्याच्या आत कायदा केला आणि लोकांच्या घरातली हत्यारं, सुटे भाग पैसे देऊन परत घेतले. विक्री थांबवणं आणि घरातलं काढून घेणं, यातला फरक इथं दिसतो.

आकडे कमी वापरा, पण नीट वापरा. २०१९ मध्ये 'अमेरिकन जर्नल ऑफ पब्लिक हेल्थ'मध्ये आलेल्या अभ्यासात १९९० ते २०१७ ची राज्यं तपासली होती. मॅगझीनबंदी नसलेल्या राज्यांत मोठ्या बळीसंख्येच्या गोळीबारांचं प्रमाण बंदी असलेल्या राज्यांच्या दुपटीहून जास्त निघालं. लगेच हेही जोडा की बंदी असलेल्या राज्यांत बंदुकीचे इतर कायदेही कडक असतात, त्यामुळे सगळं श्रेय एकट्या मॅगझीनला देता येत नाही. रँड ही संस्था असे सगळे अभ्यास एकत्र तपासते. तिच्या मते बंदीनं सामूहिक गोळीबार कमी होतात याला पुरावा आहे, पण तो मर्यादित.

आपल्याकडची उदाहरणं जपून वापरा. इथं १९५९ चा शस्त्र कायदा आहे, परवान्याशिवाय हत्यार ठेवता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकाला दोनच हत्यारं ठेवता येतात. आपल्या जिल्ह्यांत पकडला जातो तो गावठी कट्टा. त्याचा आणि तीसच्या मॅगझीनचा संबंध जोडलात तर परीक्षक तिथंच अडवतील.

मला विचाराल तर बंदी हवी, आणि ती घरात ठेवण्यावरही हवी, मोबदला देऊन, देशभर एकच. विक्रीपुरती बंदी घातली तर फळ दिसायला एक पिढी जाईल. शेवटी बोलायला दोन मिनिटं मिळाली तर पहिलं मिनिट टुसॉनला द्या, अर्धं १९९४ च्या जुन्या साठ्याला, आणि उरलेल्या अर्ध्या मिनिटात व्हर्जिनिया टेक स्वतःच मान्य करा.

येत्या शनिवारी टाळ्यांचा खेळ पुन्हा घेऊ. या वेळी दारात एकाऐवजी तिघं उभे करायचे आहेत, आणि एकानं फक्त पळून बाहेर जायचं आहे. टोपणाचा पेन आठवणीनं आणा.